ऐकून घेण्याच्या क्षेत्रातील उज्ज्वल संधी

दुःख सगळ्यांनाच असतं. त्यात करिअर मात्र फार थोड्यांना करता येतं. त्या थोड्यांमध्ये आमच्या भावजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं, स्थान बरंच वरचं आहे. भावजी जागतिक मनःस्वास्थ्य धोरण, पाठपुरावा व नेतृत्व परिषदेचे उपाध्यक्ष. (नावातला प्रत्येक शब्द वेगवेगळ्या बैठकीत मंजूर झालेला आहे.) परिषदेचं काम एकच: जगाला सांगणं, की बाबांनो, एकमेकांचं ऐकून घ्या. मी तिथे अहवाल लिहितो. चिकटवलं भावजींनीच, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती समजावं.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांनी आधी पायऱ्या समजून घ्याव्यात. सर्वांत खाली समुपदेशक. तो एका खोलीत, दोन खुर्च्या आणि कागदी रुमालांचा डबा घेऊन बसतो आणि दिवसभर लोकांचं ऐकतो. त्याला भवितव्य नाही. त्याच्या वर प्रशिक्षक; हा ऐकायचं कसं ते शिकवतो. त्याच्या वर धोरणतज्ज्ञ; तो प्रशिक्षकाने काय शिकवावं ते लिहितो. आणि सर्वांत वर जागतिक नेतृत्व. ते ऐकण्याचं महत्त्व पटवून देत इतकं फिरत असतं, की त्याला ऐकायला सवड उरत नाही. आणि ते रास्तच आहे. मुख्य आचारी कधी कांदे चिरतो का?

भावजींची चढती कमान मात्र मानेवर उभी आहे. परिषदेत मान डोलावण्याच्या चार श्रेणी आहेत. पहिली साधी. दुसरी सखोल. तिसरी डोळे मिटून. चौथीत डोळे मिटून, तळहात छातीवर ठेवून, ओठ किंचित दाबायचे असतात. ती फक्त नेतृत्वाला अनुज्ञेय आहे. भावजी रोज दाढी करताना आरशासमोर तिचा सराव करतात. (एकदा मान लचकली आणि पट्टा लागला. तेवढ्या काळात परिषदेच्या संवेदनशीलतेत चौतीस टक्के घट नोंदवली गेली.)

शिवाय या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणं हा घरी अवगुण मानतात. परिषदेत त्याला व्यावसायिक अंतर म्हणतात, आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं.

तर झालं असं, की यंदाच्या जागतिक मोहिमेला घोषवाक्य मिळत नव्हतं. ‘मन मोकळं, जग मोकळं’ हे दंतवैद्यांच्या जाहिरातीसारखं वाटतं म्हणून फेटाळलं गेलं. ‘चला, हळवे होऊ या’ हे देणगीदारांना झेपलं नाही. वाक्य प्रत्यक्ष दुःखी माणसाच्या तोंडचं हवं, असा ठराव झाला. पण दुःखी माणूस कुणाच्या ओळखीचा नव्हता.

अशात एका संध्याकाळी भावजी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. मी समोर. ताई ओट्यापाशी पाठमोरी, धुतलेली भांडी पुसून फळीवर लावत होती. हातातलं पातेलं तिने दोनदा पुसलं आणि म्हणाली, “अहो, ऐका ना. कितीतरी दिवस झाले, मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. कारण—”

“थांब, थांब!” भावजी ताडकन उठले. “काय म्हणालीस? परत म्हण बरं.”

कितीतरी वर्षांत तिला कुणी ‘परत म्हण’ म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. तिने परत म्हटलं. भावजींनी ते विजेच्या बिलामागे उतरवून घेतलं, ‘कारण’च्या आधीपर्यंत, घोषवाक्य सुटसुटीत हवं. मग त्यांनी तळहात छातीवर ठेवला, डोळे मिटले आणि स्वतःच्या बायकोला म्हणाले, “तुम्ही हे इतक्या मोकळेपणाने मांडलंत, त्याबद्दल मनापासून आभार.”

ताईने पातेलं फळीवर ठेवलं आणि ती आत निघून गेली.

‘सकाळी उठावंसं वाटत नाही!’ हे वाक्य जगभर गाजलं. (उद्गारचिन्ह सजावटकाराने सुचवलं, त्याने सकारात्मकता येते.) ते कपांवर आलं, पिशव्यांवर आलं, प्रतिनिधींना भेट द्यायच्या गजराच्या घड्याळांवरही आलं. एका देशात त्याचा अनुवाद ‘उद्या सुट्टी आहे’ असा झाला आणि तिथे मोहिमेला विक्रमी प्रतिसाद मिळाला.

पुढे कुणीतरी शंका काढली, की का वाटत नाही? लगेच कारणशोध उपसमिती नेमण्यात आली. तिने समुद्रकाठच्या हॉटेलात आठवडाभर चिंतन केलं आणि निष्कर्ष काढला: एक्केचाळीस टक्के कारणं गुंतागुंतीची असतात, उरलेली एकमेकांत गुंतलेली. ज्या बाई हे बोलल्या त्यांनाच विचारावं, अशी सूचना एका नवख्या सदस्याने केली. त्याला समजावून सांगण्यात आलं, की एक व्यक्ती हा नमुना फारच लहान आहे. शिवाय विचारणं म्हणजे तिच्या खासगीपणावर आक्रमण.

यथावकाश जागतिक अधिवेशन भरलं. भावजी अध्यक्षपदाचे उमेदवार होते. ताई म्हणाली, मीही येते. मला वाटलं, भावजींच्या कौतुकासाठी येते आहे. ती शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसली, मांडीवर भेटीचं घड्याळ. भावजींचं ‘ऐकण्याचे भविष्य’ हे भाषण झालं. प्रश्नोत्तरं सुरू झाली, आणि ताईने हात वर केला.

माइक आला. “ते वाक्य माझं आहे,” ती म्हणाली. “पण ते अर्धंच आहे. मला उठावंसं वाटत नाही, कारण—”

सभागृह उभं राहिलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पुढचं तिचं तिलाही ऐकू गेलं नसावं. तिचे ओठ हलत होते. व्यासपीठावर सगळं नेतृत्व चौथ्या श्रेणीत डोलत होतं. टाळ्या थांबल्या तेव्हा सूत्रसंचालकाने वेळेअभावी चहा जाहीर केला. भावजी गर्दीतून वाट काढत आले. “काय बोललीस गं! आणि काय नेमक्या जागी थांबलीस!” एवढं म्हणून ते मतदानाला गेले.

ताई माझ्याकडे वळली. “तू तरी—”

“ताई, एकच मिनिट हं. एवढं टाळ्यांचं लिहून होऊ दे.”

लिहून झालं. (अहवाल, पान बावीस: ‘उत्स्फूर्त’.) वर पाहिलं तर खुर्चीवर नुसतं घड्याळ होतं.

तेव्हापासून ताई काही बोलत नाही. भांडी लावते, विचारलं तर ‘बरी आहे’ म्हणते. परिषदेच्या निकषांनुसार तक्रारींत शंभर टक्के घट झाली, म्हणजे ती बरीच झाली. यशोगाथा म्हणून तिचा फोटोही छापला आहे.

आता तुम्ही विचाराल, त्या ‘कारण’च्या पुढे होतं तरी काय? छे, कशाला खोटं बोला. निवडणुकीचं काय झालं, हेच तुम्हाला विचारायचं होतं. आले निवडून. बिनविरोध.

आणि मघाशी टाळ्यांच्या जागी तुम्हीही मान डोलावलीत. दुसरी श्रेणी, सरावाने सुधारेल. तेवढ्यात घरातून कुणीतरी ‘ऐकतोस का?’ म्हणालं होतं. तुम्ही ‘हं’ म्हणालात.

होऊ द्या तुमचं वाचून, सावकाश. त्यांना सवय आहे.