वडिलांचा खोकला परत मिळण्याबाबत

बाबांची आरामखुर्ची आणि तिच्यासोबत आमचा दादा, असे दोन्ही जीर्णवस्तू विल्हेवाट विभागाने नेले. खुर्ची परत आली नाही, दादा आला. यातले काहीही घडलेले नाही, असे विभागाने लेखी कळवले आहे, आणि विभाग चुकत नाही. तेव्हा पुढची हकीकत घडलेली नाही असे समजूनच वाचावी.

वहिनीने नवा सोफा मागवला. सोफा यायचा तर खुर्ची जायला हवी. खुर्ची वेताची. बाबांना जाऊन वर्ष होत आले होते, पण त्यांनी बसून बसून वेताच्या विणीत पाडलेला खड्डा अजून शाबूत होता. खुर्चीच्या उजव्या हातावर चहाच्या कपाचे गोल डाग, पाठीवर डोक्याच्या तेलाचा काळपट ठसा. आई त्या खुर्चीत कधी बसली नाही. केर काढताना मात्र तिच्यापाशी थांबून म्हणायची, "पाय वर घ्या जरा." पाय वर घ्यायला लागेल तेवढा वेळ थांबायची, मग खालून झाडू फिरवायची.

विभागाचा नियम सरळ आहे. जुनी वस्तू घरी येऊन उचलली जाईल, मात्र ती भूतकाळमुक्त असावी. पूर्वी ही अट नव्हती. मग कोणाचे तरी कपाट गोदामात आले, त्याच्या दाराला आतून पोरांच्या उंचीच्या रेघा. हमाल त्या वाचत तिथेच बसले आणि आपापल्या घरी फोन करू लागले. दिवसभराचे काम पडून राहिले. तेव्हापासून आधी घरी खुणा-निरीक्षक येतो.

आमच्याकडे आला तो भिंग आणि मऊ ब्रश घेऊन.

"हा खड्डा कोणाचा?"

"ह्यांचा," आई म्हणाली.

"बोलवा त्यांना."

"गेले ते."

"कधीपर्यंत येतील?"

"अहो, वारले ते," वहिनी म्हणाली.

"मग खड्डा मागे का ठेवला?" निरीक्षक मनापासून कळवळला. "माणसं जातात, त्याला आमची हरकत नाही. पण जाताना आवरून जायला नको?"

"आवरायची सवयच नव्हती हो त्यांना," आई ओशाळून म्हणाली. "ओला टॉवेलसुद्धा मीच उचलायचे."

तेलाचा ठसा ब्रशने गेला. खड्डा मात्र मोडावा लागतो, म्हणजे दुसऱ्या कोणी तरी त्यात बसून त्याचा आकार बिघडवायचा. दादा बसला. खड्डा बिघडला नाही. दादा त्यात माप घेऊन शिवल्यासारखा बसला. त्याची टाच आपोआप हलू लागली, हात कपाच्या डागावर गेला, आणि तो खोकला. दोनदा कोरडा, मग जरा थांबून एक लांबलचक, आणि शेवटी "हं." बाबा चहा असाच मागायचे.

"टाकलाय, टाकलाय!" आई उठून स्वयंपाकघराकडे निघालीसुद्धा. दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

निरीक्षकाने भिंग खुर्चीवरून उचलून दादावर धरले. नाक. भुवया. कानाच्या पाळ्या.

"अहो, इथे तर खुर्चीपेक्षा जास्त आहे."

"ओ, मी माणूस आहे!" दादा म्हणाला.

"मी नाही कुठं म्हणालो? पण तुम्हाला घरीच ठेवून नुसती खुर्ची नेली, तर मी प्रत नेली आणि मूळ इथेच राहिलं. वर काय सांगू? तुम्ही आणि खुर्ची हे एकच सामान आहे."

दादाने वहिनीकडे पाहिले. वहिनीने सोफ्याच्या जागेकडे पाहिले.

"परत आणून द्याल ना पण?" ती म्हणाली. "सोफा आला की त्याचे पाय बसवायला माणूस लागेल."

आई पुढे झाली. "खुर्ची न्या. तो खोकला तेवढा राहू द्या."

"सुटं काही ठेवता येत नाही, मावशी."

मलाही तपासले. मी आईवर गेलो आहे, आणि आई हयात असल्यामुळे माझ्यातल्या खुणा वर्तमानकाळात मोडतात. म्हणून सुटलो. "तूर्तास," निरीक्षक म्हणाला, आणि आईकडे पाहून अदबीने हसला.

दादा परत आला तो गुळगुळीत होऊन. नाक आहे, पण कोणाचेही असावे तसे. घसा खवखवला की पाणी पितो. सोफ्यावरून उठला की कोणी बसले होते असे वाटत नाही. सोफ्याची तशी हमीच आहे. "भावोजी, हे आता भांडतसुद्धा नाहीत," परवा वहिनी मला हळूच म्हणाली, "दुकानात राहिल्यासारखं वाटतं." आई केर काढताना म्हणते, "पाय वर घे रे." दादा लगेच घेतो. वर धन्यवाद म्हणतो. बाबांनी कधी लगेच घेतले नव्हते.

मी तक्रार केली. विभागाने दादाला पुन्हा भिंगाखाली पाहिले आणि कळवले की सदर इसमात भूतकाळाची कोणतीही खूण आढळत नाही. ज्याअर्थी आढळत नाही, त्याअर्थी काढण्यासारखे काही नव्हतेच. सबब काही घडलेले नाही.

हे वाचून तुम्हाला हसू आले असेल, तर ते हसू कोणाचे आहे हे घरातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून घ्या. विचारताना खिडकी लावून घ्या.

तरी विभागास नम्र विनंती की, आपण न नेलेला खोकला माझ्या आईस परत मिळावा. दादामध्ये पुन्हा बसवणे नियमात बसत नसल्यास सुटाही चालेल. संध्याकाळी चहाच्या सुमारास दाराबाहेर ठेवून जावे. आई घरीच असते.