सात खुंट्यांची फळी

गोमाजीभाऊंच्या टपरीत पक्षाचा दुपट्टा गळ्यात ठेवून चहा मिळत नसे. दाराशी सागवानी फळी होती, तिला सात खुंट्या. "पयले गळा मोकळा कर, मंग चहा पे," हा कायदा. पुढारी आला तरी हाच.

साकोलीच्या हायवेवरची ती टपरी म्हणजे नाटकवाल्यांचा अड्डा. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, नाटकं सुरू झाली की तालीम तिथेच. पडदे रंगवणारा रामदास आणि नायकाचं काम करणारे मास्तर तर तिथेच मुक्कामाला. मी आठवीतून शाळा सोडलेला. भाऊंनी मला पडद्यामागे बसवून नाटकाची वही वाचायला लावली. "तू चुकशीन तं हिरो मुका होईन," म्हणायचे. त्या धास्तीनं धड वाचायला शिकलो. आज सुरतेच्या कारखान्यात मालावरच्या चिठ्ठ्या वाचतो, अजूनही दोनदा वाचतो, पण वाचतो ते त्यांच्यामुळे.

मग पक्ष फुटले. एकदा घाईत खुंटीवरचा मास्तरांचा, म्हणजे दुसऱ्या पक्षाचा, दुपट्टा घालून रामदास आपल्या सभेला गेला. शिव्या खाऊन परतला. चार दिवसांनी त्याचा नेताच त्या दुसऱ्या पक्षाचा दुपट्टा घालून आला, आणि शिव्या देणारे टाळ्या वाजवू लागले. भाऊ म्हणाले, "आमच्या नाटकात सोंग बदलाले एक अंक तरी लागते."

पुढे रस्ता रुंद करायची नोटीस आली. त्या नेत्याचा निरोप आला: फळी काढा, आमचा फलक लावा, टपरीला हात लागणार नाही. भाऊंनी निरोप्यालाही दुपट्टा काढायला लावला, चहा पाजला आणि नाही म्हटलं.

माझा संताप त्याच्या पुढचा आहे. दर हंगामात जुलमी जमीनदाराची गचांडी धरणारे मास्तर टपरी पाडली त्या दिवशी घसा बसला म्हणून घरी राहिले. रामदासनं तर त्याच नेत्याचा फलक रंगवला. वीस वर्षं ज्या बाकावर बसले, त्या बाकावरून जेसीबी जाताना एक माणूस आडवा आला नाही. लाज कशी वाटली नाही? मी तरी कुठे होतो म्हणा. सुरतेत, फोनवर शूर.

भाऊंनी शेगडीसुद्धा वाचवली नाही. फक्त फळी उचलली.

या दिवाळीला गेलो. आता ते तलावाच्या पाळीवर एकटेच चहा करतात. फळी कडुनिंबाला बांधलेली, खुंट्या रिकाम्या. पण सात कप धुऊन उपडे ठेवलेले. मी भडकलो. "भाऊ, त्याइच्यासाठी काहून कप धुऊन राहिले तुम्ही?"

"येतीन," ते चहा गाळत म्हणाले. "दुपट्टा काढाले कुठी जागा तं पाहिजे ना माणसाले."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवायला वाकलो. त्यांनी हात धरला आणि फळीच्या टोकाकडे बोट केलं. तिथे आठवी खुंटी होती, ताज्या लाकडाची.

"ते तुही. दुरून येणाऱ्याची पिशवी जमिनीवर नाही ठेवत."

मी पिशवी टांगली. त्या संध्याकाळी फळीवर तेवढंच ओझं होतं.