कावळ्याला दिलेला शब्द

माणसाने तोंड कधी उघडू नये, याची एक वेळ मला आता पक्की ठाऊक आहे. सख्ख्या भावाचं दहावं, बाळकुमची खाडी, डोक्यावर ऊन आणि पिंडाला कावळा शिवत नाही, ती वेळ. पण मी चौथी पास. चौथीपर्यंत हे शिकवत नाहीत. (पुढे शिकवत असतील तर मला माहीत नाही.)

पिंड ठेवून तास झालेला. कावळे नव्हते असं नाही. सात-आठ जण समोरच्या तिवराच्या झाडावर रांगेने बसून आमच्याकडे बघत होते, रेशनच्या दुकानात रॉकेलची गाडी यायची असते तेव्हा लोक बसतात तसे.

गोमाजीकाकाने हात जोडले. "दामाजी, जनीला आम्ही अंतर देणार नाय."

कावळे गप्प.

"मोरूला कामाला लावू." (मोरू म्हणजे मी.)

एक कावळा उडून आणखी लांब जाऊन बसला.

मग काकाच्या मनात काय आलं कोण जाणे, तो म्हणाला, "बरं, मी दारू सोडतो." यावर उरलेल्या कावळ्यांनी तोंडंच फिरवली. गुरुजींना कोलशेतला दुसरं काम होतं. ते दर्भाचा कावळा वळायला बसले.

माझ्या दादाला गवताचा कावळा? माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "दादा, तुझी गाडी मी चालू करतो. वर्षाच्या आत वहिनीला तिच्यात बसवून कल्याणला माहेरी नेतो."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली. एक नाही, तीन.

सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मी मात्र तिथेच बसून राहिलो. कारण मला तेव्हा कुठे आठवलं की मला गाडीतलं काहीही कळत नाही. सायकलची चेन पडली तरी मी दादाला हाक मारायचो.

दादा कृतार्थ सोसायटीत पंपवाला आणि वॉचमन होता. ही सोसायटी फक्त रिटायर माणसांची. अठ्ठावन्न पुरी झाल्याशिवाय सभासद करत नाहीत. पंपाशेजारी दादा-वहिनीची खोली आणि मागे पत्र्याची शेड. तिथल्या तीन सभासदांनी हौस म्हणून जुन्या गाड्या पाळलेल्या. चेअरमन बाबुराव पाटबंधारे खात्यातले, त्यांची फियाट. शिवरामकाका रेल्वेच्या वर्कशॉपमधले, त्यांची हेराल्ड. आणि केशरबाई इस्पितळात मेट्रन होत्या, त्यांच्या यजमानांची ऑस्टिन. दर रविवारी नऊ वाजता तिघं खाली यायची, कव्हर काढायची, गाडी चालू करायची, दहा मिनिटं आवाज ऐकायची, पुसायची आणि परत कव्हर घालायची. जायचं कुणालाच कुठे नव्हतं. बाबुरावांची मान मागे वळत नव्हती आणि शिवरामकाकांना पुढचं दिसत नव्हतं.

या तीन गाड्या दादाच चालू ठेवायचा. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये एका रविवारी तो फियाटच्या बॉनेटमध्ये वाकलेला. म्हणाला, "साहेब, मारा आता सेल्फ." बाबुरावांनी सेल्फ मारला. गाडी चालू झाली, दादा बंद पडला. छत्तीस वर्षांचा. डॉक्टर म्हणाले हार्ट. (हार्ट म्हणजे काय ते मला चित्रातून माहीत होतं. बाणवालं.)

त्यानंतर बाबुराव खाली यायचे, पण स्वतः सेल्फ मारायचे नाहीत. शिवरामकाकांना मारायला सांगायचे आणि लांब गेटपाशी जाऊन उभे राहायचे.

दादाची जागा मला मिळाली. (सगळी सरकारी नोकरीतली माणसं, त्यामुळे भाऊ मेल्याचा अर्ज तीन प्रतींत द्यावा लागला.) आणि शेडमधली दादाची मॉरिसही मला मिळाली. एका बंगलेवाल्याने फुकट दिलेली, दादाने बैलगाडीने ओढत आणलेली. बारा वर्षं ती विटांवर उभी होती. लग्न झालं तेव्हा तो वहिनीला म्हणालेला, तुला या गाडीतून कल्याणला नेईन. दर वर्षी म्हणायचा, "या शिमग्याला नक्की."

मी पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा आतून मला शेडची जमीन दिसली. गाडीत गाडी कमी आणि जागाच जास्त होती. मी बॉनेट बंद केलं आणि त्याच्यावर डोकं ठेवून उभा राहिलो. वहिनी आतून म्हणाली, "काय शोधतोस रं?"

"काही नाही."

तिला मी शब्दाचं सांगितलेलं नव्हतं. घाटावर बायका नव्हत्या. आणि मला तिला एकदम गाडीच दाखवायची होती.

दहा महिने मी त्या शेडमध्ये बसलो. पुसायचो. चौथी पास माणूस गाडीचं तेवढंच करू शकतो. एवढी चकाचक बंद गाडी ठाणे जिल्ह्यात दुसरी नसेल. रडू येत नव्हतं, झोप येत नव्हती, आणि दर कावळा माझ्याकडे बघतोय असं वाटायचं.

जानेवारीत एका रविवारी शिवरामकाकांनी मला फियाटवर टॉर्च धरायला बोलावलं. मी धरला. आत कार्बोरेटरवर हिरव्या रंगाचा ठिपका होता.

माझ्या हातातून टॉर्च पडला.

आम्ही कोळी. खाडीत जाळं टाकलं की वर बोये तरंगतात, आणि कुठलं जाळं कुणाचं ते कळायला प्रत्येक घर आपल्या बोयांना रंग लावतं. आमच्या घराचा हिरवा. आज्यापासून. हिरवा ठिपका दिसला की ते आमचं, यात चर्चा नाही. आज्याने त्यावरून एकाचं डोकं फोडलेलं.

मला सगळं लख्ख कळलं. दादा देवमाणूस. या म्हाताऱ्यांच्या गाड्या चालाव्यात म्हणून त्याने स्वतःच्या मॉरिसचे पार्ट काढून त्यांना घातलेले, आणि खूण तेवढी ठेवलेली. मी गुपचूप सगळ्या गाड्या बघितल्या. फियाटमध्येच एकूण दहा. हेराल्डमध्ये तीन ठिपके. ऑस्टिनमध्ये पाच. मला पहिल्यांदाच हसू आलं.

आता, सरळ मागितले असते तर दिले असते. पण तीन प्रती कोण लिहिणार? आणि आपलं जाळं आपण ओढायला परवानगी कसली? दुपारी एक ते चार कृतार्थ सोसायटीत पाल चुकचुकली तरी नोटीस लागते, एवढी सगळी झोपतात. आठवडाभर रोज दुपारी मी पाना घेऊन कव्हरांच्या खाली शिरलो आणि जिथे ठिपका दिसला तिथे सोडवत गेलो. शनिवारी पंपाच्या नळीवर एक पट्टी दिसली, हिरव्या ठिपक्याची. ती मॉरिसमध्ये कुठे बसते ते कळेना. पण आमची म्हटल्यावर काढली. शेडमध्ये सतरंजीवर सगळं मांडलं. एकोणीस नग. कुठला कशाचा, काही पत्ता नाही. पण दादा घरी आल्यासारखं वाटलं.

रविवार उजाडला.

साडेसहाला दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "पाणी?" मग तिसऱ्यावरून. मग अख्ख्या बिल्डिंगमधून. चाळीस रिटायर माणसं, त्यातली निम्मी बाथरूममध्ये, साबण लावलेली. मी पंप चालू केला, तर पंपाने माझ्याच अंगावर पाणी सोडलं.

नऊला डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून केशरबाई खाली आल्या आणि त्यांनी ऑस्टिनचा सेल्फ मारला. काहीच नाही. शिवरामकाकांनी हेराल्डचा मारला. काहीच नाही. फियाटचा मारला. गेटपाशी उभे असलेले बाबुराव वर्षात पहिल्यांदा गाडीजवळ आले.

शिवरामकाकांनी बॉनेट उघडलं. "अरे, कार्बोरेटर कुठाय?"

"माझा डायनामो नाही," केशरबाई म्हणाल्या. "काल होता."

"काल बघितलेलात?"

"डायनामो रोज बघतात का हो?"

सगळे माझ्याकडे वळले. मी हात मागे घेतले. हातात पाना होता.

"ते आमचं आहे," मी म्हणालो. "हिरवा ठिपका आमचा. दादाने दिलेलं. मी परत घेतलं."

तेवढ्यात वहिनी बाजारातून आली, डोक्यावर सुकटाची टोपली. तिने तीन उघडी बॉनेटं बघितली, मला बघितलं, शेडमधली सतरंजी बघितली आणि टोपली खाली ठेवली.

"मोरू, तो गेटचा उरलेला रंग हाय."

"आपल्या बोयांचा..."

"गेटचा. बाबुरावसाहेबांनी डबा दिलेला त्याला. एखादी वस्तू नीट झाली की तो ठिपका द्यायचा. बोलायचा, हे झालं, आता कोणी खोलू नका."

"हो," बाबुराव हळूच म्हणाले. "खोलू नका म्हणून."

बाळकुमात जेवढं म्हणून नीट होतं, तेवढं मी शोधून शोधून खोललेलं. मला सतरंजीवरचे एकोणीस ठिपके दिसायला लागले. मी तिथेच फियाटच्या चाकाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं, घाट, गुरुजी, दर्भ, कावळा, कल्याण. महिना उरला होता.

शिवरामकाका चष्मा पुसत राहिले. बाबुराव म्हणाले, "सेल्फ मी मारला होता त्या दिवशी." मग शेडकडे बघत म्हणाले, "शिवराम, याच्या गाडीला इंजिन तरी आहे का?"

"निम्मं."

"बाकीचं आमच्यातलं घाला."

वहिनी काहीतरी बोलणार होती. तिने आम्हा चौघांकडे बघितलं आणि टोपली उचलून आत गेली.

मग महिनाभर कृतार्थ सोसायटी दुपारची झोपली नाही. शिवरामकाका पार्ट ओळखायचे, केशरबाई ते रॉकेलने धुवून फडक्यावर ऑपरेशनच्या सामानासारखे मांडायच्या, बाबुराव यादी करायचे आणि मी टॉर्च धरायचो. ("मोरू, तू फक्त टॉर्च धर. बोट लावायचं नाही.") तीन गाड्यांची मिळून एक गाडी झाली. फियाटचा कार्बोरेटर, ऑस्टिनचा डायनामो, हेराल्डचं काय काय. बाकीच्या तिघी आता आतून तशाच दिसत होत्या, जशी मॉरिस पहिल्या दिवशी दिसलेली.

वर्षश्राद्धाच्या सकाळी वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून मागे बसली. केशरबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. मी स्टिअरिंगवर, आणि सेल्फ मारायला खिडकीतून बाबुरावांनी हात घातला. त्यांनी डोळे मिटले आणि मारला.

गाडीने एक आवाज काढला. आमच्या घरात म्हातारी माणसं उठताना काढतात तो. आणि संपली.

पुन्हा मारला. पुन्हा. अकरा वाजले. पत्र्यावर एक कावळा येऊन बसला. मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

"बसवून नेतो, एवढंच बोललेलास ना?" गोमाजीकाका मागून म्हणाला. तो मासळीच्या बर्फाचा टेम्पो घेऊन आलेला. (दारू सोडलेली नव्हती, पण सकाळची घेतलेलीही नव्हती.) "चालवत नेतो बोललेलास काय?"

"चालू करतो असंही बोललेलो."

"ते कावळ्याने नीट ऐकलं नसंल. तीनजण भांडत होते." आणि त्याने होडीच्या नांगराचा दोर काढून मॉरिसला बांधला.

असे आम्ही निघालो. पुढे टेम्पो, त्यातून गळणारं बर्फाचं पाणी माझ्या काचेवर, वायपर बंद. कशेळीच्या पुलावर मी म्हणालो, "वहिनी, दादाचं मन ठेवलं बघ आपण."

वहिनी मागे खाडी बघत बसलेली. म्हणाली, "त्याला कल्याणला यायचंच नव्हतं."

"काय?"

"माझ्या भावाशी त्याचं जमलं कधी? दर वर्षी शिमगा जवळ आला, गाडी तयार व्हायला आली, की एक पार्ट काढून ठेवायचा. बोलायचा, जनी, यंदा पण राहिलं बघ. मला कळायचं. मी बोलायची, राहू दे."

दोर ताणला, सैल पडला. मला पुढचं काही दिसत नव्हतं.

"मग तू बोलली का नाहीस, महिनाभर?"

"चार माणसं कामाला लागलेली. जेवायला लागलेली. कशाला मोडता घालू?"

"आणि मग कावळा कशाला आला? मी कल्याण म्हटलं आणि लगेच आला. तीन आले."

वहिनीने थोडा विचार केला. "तुला गप्प करायला आला असंल," ती म्हणाली.

हे दादाचंच होतं. अगदी दादाचंच. मी तोंड उघडलं की तो असाच धावत यायचा, आणि मोठ्याने म्हणायचा, मोरू, बस. वर्षभर अडकलेलं रडू कशेळीच्या पुलावर बाहेर आलं. हात स्टिअरिंगवर होते म्हणून डोळे पुसता येईनात. पुढे काकाने ब्रेक मारला, मी मारला नाही, आणि मॉरिस जाऊन टेम्पोला लागली. बर्फाची एक लादी बॉनेटवर येऊन बसली. ती कल्याणपर्यंत तशीच होती. वहिनीच्या भावाने दारात येऊन आधी लादी बघितली, मग गाडी, मग माझं तोंड, आणि काही न विचारता सगळ्यांना आत घेतलं.

बाळकुमला परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेटच्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन शेडकडे निघालेली. वाटेत मला बघून थांबली. ब्रश बुडवला आणि माझ्या शर्टाच्या खिशावर, छातीशी, एक हिरवा ठिपका दिला.

"हे झालं," ती म्हणाली. "आता खोलू नको."

ऑइलपेंट आहे, जात नाही. माझा बरा शर्ट तेवढा एकच. परवा तोच घालून पंपापाशी उभा होतो, तेव्हा केशरबाई जवळ आल्या, चष्मा वर केला आणि ठिपका निरखून बघितला.

"बाबुराव," त्यांनी हाक मारली, "हा मोरू नीट झाला का हो?"

बाबुराव तीन बंद गाड्यांची कव्हरं झटकत होते. त्यांनी वळूनही बघितलं नाही. "छे," ते म्हणाले, "त्याच्यावर चुकून सांडला असेल."