ट्रायथलॉनवाले सावंतकाका

दर रविवारी सकाळी सहाला आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळमजल्यावर एक साठीचा माणूस पोहायच्या चड्डीत उभा राहतो, अंगावर बादलीभर पाणी ओतून घेतो आणि ओलेत्यानेच सायकलकडे धावत सुटतो. मोजे, बूट, हेल्मेट चढवतो, घड्याळ बघतो आणि स्वतःलाच शिव्या घालतो. हे आमचे सावंतकाका. पाण्यातून निघून सायकलवर बसायला किती वेळ लागतो, त्याची ही प्रॅक्टिस. सेक्रेटरींनी 'तळमजल्यावर अंघोळ करू नये' अशी नोटीस लावली. काकांनी तिच्याच खाली टॉवेलसाठी खिळा ठोकला.

काका वीस वर्षं रोज पळतात. "बॉडीला सांगायचं, विचारायचं नाही," हे त्यांचं ब्रीद. माझ्या पोटाकडे बघून त्यांनी ते मलाही अनेकदा ऐकवलंय. मी विचारतो, आणि माझी बॉडी नाही म्हणते.

यंदा त्यांनी अचानक जाहीर केलं, "नुसतं पळणं बोअर झालं रे. ट्रायथलॉन करणार. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं." अडचण एकच होती. काकांना पोहता येत नव्हतं.

"मालवणी असून?" मी विचारलं.

"मेल्या, मी जन्मलो भांडुपच्या चाळीत. तिथे नळाला पाणी नव्हतं, पोहू कशात?"

काकांनी जवळच्या पोहण्याच्या तलावावर शिकवणी लावली. डॉक्टरांच्या धाकाने मीही तिथेच जात होतो, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. आठवड्याभरात काका उथळ भागात झपाझप पुढे सरकू लागले. हात झकास चालायचे. तिथला कोच खूश. मग त्याने एकदा पाण्यात डोकं घालून पाहिलं, तर खाली काकांचे पाय तळावरून मजेत धावत होते.

"काका, हे पळणं झालं!"

"अरे, पण पुढे जातोय ना?"

कोचने नियमच घातला. पाय न टेकता उथळ भागात दहा फेऱ्या मारल्याशिवाय दोरीपलीकडे, खोल पाण्यात यायचं नाही.

दोरीपलीकडे परबकाका पोहायचे. बी विंगमधले परब गेल्या वर्षापर्यंत रोज सावंतांच्या जोडीने पळायचे. पहाटे त्यांच्या गप्पांनी आम्हाला जाग यायची. मग परबांचे गुडघे गेले आणि डॉक्टरांनी पळणं कायमचं बंद केलं. तेव्हापासून तलाव सोडला तर परब कुठेच दिसेनात. कोणी गुडघ्यांची चौकशी केली की चिडायचे, कोणी भेटायला आलं की झोपलोय म्हणून सांगायला लावायचे.

तीन महिने सावंतकाका नाकातोंडाने पाणी प्यायले. एका सकाळी मात्र दहावी फेरी झाली, कोचने मान हलवली आणि काका दोरीखालून पलीकडे गेले. खोल पाण्याच्या मधोमध त्यांचे हात थांबले.

"सावंता, श्वास सोड! धरून काय ठेवलायस गाढवा!" परब शेजारी येऊन ओरडले. मग ते हळूहळू, काकांच्या बरोबरीने पोहत राहिले. दोघे काठाला पोचले, धापा टाकल्या आणि लगेच नव्या सेक्रेटरीवरून त्यांची जुंपली. अर्धा तास दोघेही पाण्यातून बाहेर आले नाहीत.

नंतर कपडे बदलताना मी विचारलं, "काका, आता शर्यतीचा फॉर्म भरणार ना?"

"तारीख गेल्या आठवड्यातच गेली," काका केस पुसत म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

त्यांनी आवाज खाली आणला.

"परबाला बोलू नकोस हां. त्याच्यासाठी आलो असं कळलं ना, तर उद्यापासून यायचा नाही तो. पळायला काय, मी एकटाही पळतो. पण वर्षभर धड कोणाशी बोललो नाय रे."

मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला. मिठीच मारणार होतो, पण बाहेरून परबांची हाक आली, "सावंता, चहा प्यायचाय की नाही?"

"आलो, आलो!" शर्टाची बटणं लावत काका बाहेर धावले. आणि मग गेटपर्यंत, परबांच्या गुडघ्यांना जमेल तेवढ्याच चालीने, सावकाश चालत गेले.