कवळीची अदलाबदल

कवळी कशी निवडावी आणि कशी सांभाळावी, हे साऱ्या मुळशीत आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं गेणबांचं ठाम मत होतं. जन्मभर त्यांनी तोंड उघडून दात बघितल्याशिवाय बैल घेतला नव्हता, मग स्वतःचे दात डोळे झाकून कसे घेणार? मेधा डॉक्टरांनी ॲक्रिलिकची कवळी पुढे ठेवली, तेव्हा त्यांनी ती नखानं टोकरली, टेबलावर वाजवली, उजेडात धरली.

"टिकंल का?"

"जपलीत तर बरीच वर्षं टिकेल. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची आणि मऊ ब्रशनं घासायची."

साधं पाणी म्हटल्यावर गेणबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. साध्या पाण्यानं काय निघतंय?

त्यांचा बालमित्र नबीलाल, पौडच्या बाजारातला भांड्यांचा दुकानदार, यानंही त्यांच्याकडूनच कवळी करून घेतली होती. दोघांना डब्याही एकसारख्या निळ्या मिळाल्या. गेणबांचा सारा जीव मात्र येत्या शुक्रवारात अडकला होता. त्या दिवशी नबीलालच्या नातीची, समरीनची, मंगनी होती. नबीलालच्या घरचं मटण म्हणजे काय, ते खाणाऱ्यालाच ठाऊक. दात गेल्यापासून गेणबा तिथं जाऊन नुसता रस्सा पिऊन येत होते.

रविवारी धरणातली मासळी झाली. सोमवारी सकाळी सून गौतमी नाक मुरडून म्हणाली, "आबा, तुमच्या दातांना वास येतुया."

"चहाची गाळणी उकळतीस, बाळाची बाटली उकळतीस, मग माज्या दातांनी काय घोडं मारलंय?" असं म्हणून गेणबांनी पातेलं चुलीवर चढवलं. दात आत छान नाचायला लागल्यावर बाहेर काढले, डबीत भरले, डबी खिशात टाकली आणि ते पौडला गेले. नबीलालच्या दुकानात चहा झाला. नबीलालनंही चहासाठी दात काढून डबीत ठेवले होते. दोन्ही डब्या गल्ल्याशेजारी होत्या.

संध्याकाळी घरी येऊन गेणबांनी कवळी बसवली. वरची एका बाजूला बसेना, खालची वाकड्या पाटासारखी डुगडुगायला लागली.

आता तुमच्या-माझ्या मनात जे आलं, ते गेणबांच्या मनात येणं शक्य नव्हतं. स्वतःवर संशय घ्यायची त्यांना सवयच नव्हती. आधी त्यांनी सुनेला धरलं.

"माज्या कवळीला हात लावलास?"

"आबा, मला बगूनच शिसारी येती."

हे पटण्यासारखं होतं. मग डॉक्टरीणबाईंवर संशय गेला, पण कालपर्यंत तर याच दातांनी मासळीचे काटे फोडले होते. राहता राहिला नबीलाल. रात्रभर गेणबांच्या डोळ्यांपुढे दोन निळ्या डब्या फिरत होत्या.

मंगळवारी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर.

"माजे दात दे."

"तुजे दात माज्याकडं कशाला असतील?"

"तुज्या तोंडात हायेत. बदलल्यात तू."

नबीलालचं हसू मावळलं. "गेणबा, सारी हयात गेली आपली. मी तुजे दात चोरीन?"

"मग तुला कसे बसतात अन् मला का न्हाई?"

गिऱ्हाइकं जमायला लागली. नबीलालला फार लागलं. पण पोरीची मंगनी तोंडावर आणि मांडवात गेणबा नाही, हे त्याला सोसवणारं नव्हतं. त्यानं कवळी काढली, नळाखाली धुतली आणि पुढे केली. "घे. पण शुक्कारी ये."

गेणबांनी स्वतःजवळची डबी त्याच्या हातात ठेवली आणि ती कवळी तोंडात कोंबली. हिरड्यांतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. पण चारचौघांत माघार कशी घेणार?

"बगा, कशी चपखल बसली," ते म्हणाले, आणि वरची कवळी जिभेवर पडली.

गुरुवारी दोघं एकमेकांना न सांगता मेधा डॉक्टरांकडे गेले आणि एकाच बाकावर गाल धरून भेटले. दोघांना एकदमच आत बोलावून डॉक्टरांनी दोन्ही कवळ्या तपासल्या.

"गेणबा, तुमच्या तोंडात होती ती नबीलालचाचांची. तुमची ही. पण ही उष्णतेनं वाकलीय."

"मंग मी काय म्हनत हुतो?" गेणबा खुर्चीतून उठलेच. "माजी चांगली कवळी ह्यानं नेऊन बिगडवली. ईचारा त्याला."

नबीलाल वाद घालत बसला नाही. आपली कवळी उलटसुलट करून बघत त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, ही ह्याच्या तोंडात हुती. आता मी धुवू कशी?"

डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत जाणकार गेणबा बोलले, "त्यात काय ईचारायचं? मी धुतो तशी धू. पातेल्यात टाकायची अन् चांगली उकळू द्यायची."

आपण काय बोललो, ते गेणबांना जरा उशिराच ऐकू आलं. मग ते पुन्हा खुर्चीत बसले आणि भिंतीवरचं दातांचं चित्र फार बारकाईनं बघू लागले. नवी कवळी शुक्रवारपर्यंत होणार नव्हती.

शुक्रवारी नबीलालनं त्यांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. सगळ्यांच्या ताटात मटण पडलं, गेणबांपुढे रश्श्याची वाटी आली. त्यांनी सवयीनं ती हुंगली, आत डोकावून बघितलं.

"बिनघोर पी," सगळे दात दाखवत नबीलाल म्हणाला. "चांगला उकळलाय."