धामापूरकरांचे सोळा थर

डॉ. धामापूरकर कुणाकडेही जेवायला गेले की घरधन्याला नमस्कार करण्याआधी सरळ स्वयंपाकघरात शिरत आणि पाट्यासमोर मांडी ठोकत. खिशातून भिंग काढायचं, पाटा उलथा करायचा आणि त्याच्या पोटाला डोळा लावायचा. आमच्या घरी हे पहिल्यांदा घडलं तेव्हा बायको ओल्या मिरच्यांचा हात वर धरून नुसती बघत राहिली.

"वहिनी, तुम्ही ज्यावर खोबरं वाटता ना, तो सहा कोटी वर्षांपूर्वी पाण्यासारखा वाहत होता!"

"व्हावत होतो तर होतो," ती म्हणाली. "आता जाग्यार आसा ता बरा. उठा डॉक्टरानू, माका खोबऱ्याचा वाटप करूचा आसा."

आमच्या मालवणकडचा दगड म्हणजे तांबडा जांभा. काळे पाटे-वरवंटे घाटावरून यायचे. त्यामुळे डॉक्टरांना गावातलं प्रत्येक स्वयंपाकघर म्हणजे ज्वालामुखीची शाखा वाटे. नावामागचं 'डॉक्टर' ऐकून सुरुवातीला लोक पोटदुखी घेऊन येत. ते सगळ्यांना सुंठेचं पाणी सांगत आणि पोट दाबून बघण्याऐवजी घरचा पाटा कुठून आणला ते विचारत. मग लोकांनीच त्यांचं नाव डोंगरडॉक्टर ठेवलं.

जन्मभर त्यांनी ज्वालामुखींचा अभ्यास केला, पण जळता ज्वालामुखी एकही पाहिला नव्हता. त्यांचे सगळे सह्याद्रीतले, थंड झालेले. "डोंगराचा तोंड गावला काय?" असं बाजारात कुणी मुद्दाम विचारलं की ते भर रस्त्यात समजावत, "तोंड नव्हतंच रे! जमीन उभी फाटली आणि आतलं उतू गेलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर." कोटीभर वर्षांच्या आतलं सगळं त्यांच्या लेखी 'अलीकडचं'. एस.टी. चुकली तर म्हणत, "अलीकडेच गेली वाटतं."

मी तेव्हा रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होतो. स्वातंत्र्यानंतरची सात-आठ वर्षं झाली असतील. डॉक्टर कॉलेजातून निवृत्त होऊन गावी आले होते आणि आंबोलीच्या घाटात लाव्ह्याचे थर किती ते मोजायचं त्यांच्या मनात होतं. टेप धरायला मी, दोर धरायला आंबोलीचा भिकाजी. हा भिकाजी कड्याच्या राखणदार देवाला नारळ देऊन गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्यानं विनवणी, घातल्याशिवाय कड्याला हात लावू देत नसे. डॉक्टरांनी पहिले दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच गाऱ्हाणं घालू लागले, तेही भिकाजीपेक्षा मोठ्या आवाजात.

"बा राखणदारा म्हाराजा! सहा कोटी वर्सां गप ऱ्हवलंस, आजून घटकाभर गप ऱ्हव!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि भिकाजी.

"ह्यो सावंत आता दोराक लटाकतलो. तेचो पाय सांभाळ, आनि पायापेक्षा टेप सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" भिकाजी एकटा.

दोन थरांमध्ये कधी कधी विटेसारखी लाल पट्टी असते. एक लोट थंड झाला, त्यावर माती साठली, हजारो वर्षांनी दुसरा लोट आला आणि त्यानं ती माती भाजून काढली, असा तिचा अर्थ. म्हणजे पट्टी दिसली की थर दोन, नाही दिसली तर एकच. पट्टी सापडली की डॉक्टर कड्यावरून ओरडत, "निजला होता रे, इथे निजला होता!" आणि पाळण्याशी बोलावं तसा आवाज खाली आणत.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते लिहितो.

नवव्या थराच्या दिवशी डॉक्टरांचा पाय मुरगळला होता. त्यांनी मला आणि भिकाजीला नारळ देऊन पाठवलं. धुकं दाट होतं, कडा निसरडा होता. आम्ही वाटेतल्या चहाच्या टपरीवर टेकलो. चहाबरोबर गूळ मिळाला, आणि गुळाबरोबर तो नारळ कधी फुटला ते कळलंच नाही. शेवटचा तुकडा तोंडात टाकून भिकाजी म्हणाला, "आता राखणदाराक काय दितलात, करवंटी? मी दोर धरूचंय नाय."

मला हायसं वाटलं. हेच खरं पाप. मी वहीत अंदाजानं लिहिलं: नववा थर, बावीस फूट, एकसंध, लाल पट्टी नाही.

डॉक्टरांनी ती नोंद तपासलीसुद्धा नाही. "सावंतानं लिहिलं म्हणजे झालं." त्यावरून त्यांनी इंग्रजीत पुस्तिका छापली, आत चार तक्ते, एकूण थर सोळा. पहिल्या पानावर माझे आभार, 'अचूक मोजमापाबद्दल'. बत्तीस प्रती देशोदेशीच्या विद्वानांना रवाना झाल्या. पुढच्याच पावसात घाटात दरड कोसळली. ती उपसायला मी गेलो, तर नवव्या थराच्या ऐन मधोमध, उघडी पडलेली, वीतभर जाडीची लाल पट्टी.

मी गप्प राहिलो. एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं. डॉक्टर सांगत, "जपानात बारकाईनं वाचतायत, इटलीत चर्चा चाललीय." सगळ्या जगाला मी चुकीचा आकडा शिकवला होता.

मग डॉक्टरांनी घराच्या चढावर पायऱ्या बांधायला काढल्या. बरोबर सोळा. प्रत्येक पायरीत त्या त्या थराचा एक काळा तुकडा. गाब्रू गवंडी शेवटची पायरी बसवत होता तेव्हा त्यांनी मला कौतुकानं बोलावलं. मी चढू लागलो, आणि नवव्या पायरीवर पाय उचलेचना.

"डॉक्टर, नवव्या थराचा माप मी घेवकच नाय," मी म्हणालो. "नारळ खाल्लंव आनि टपरीत बसलंव. मधी लाल पट्टी आसा. मी मागीर बघितलंय. पुस्तिकेत पट्टी नाय असा छापला, ता चुकीचा."

ते वरच्या पायरीवर उभे होते. मला वाटलं, आता हातातली काठी माझ्या टाळक्यात.

"जाड किती?"

"वीतभर."

"रंग?"

"भाजलेल्या कौलासारखो."

"सतरा!" ते नातू झाल्यासारखे ओरडले. "रे गाब्रू, सतरा! अजून एक पायरी घाल, नवव्याच्या वर!"

"खंय घालू? तुमच्या डोक्यार?" गाब्रू थापी आपटून म्हणाला. "जागा खंय आसा?"

"सगळ्या उखड आणि परत बसव!"

गाब्रूनं सिमेंटचं घमेलं उचललं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली. डॉक्टर हसत होते. मग एकदम थांबले.

"पण ती नोंद तर आतल्या पानात होती. पट्टी नाही असं मी छापलं, ता तुका कसा कळला?"

"पान एकोणीस," मी म्हणालो. "खालून तिसरी ओळ."

"तू वाचलंस?"

"दर वर्साक. डिक्शनरी घेवन. माझी चूक खंय खंय पोचली ता बघूक."

"सगळा? पयल्या पानापासून?"

"सगळा."

डॉक्टर हळूच पायरीवर बसले. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसू लागले, पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"बत्तीस प्रती धाडलंय रे," ते म्हणाले. "एकाचाय उत्तर येवक नाय. जपान नाय, इटली नाय. ता सगळा मीच सांगी."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो. गाब्रूसुद्धा घमेलं खाली ठेवून उभा राहिला.

मग डॉक्टरांनी चष्मा चढवला, ते माझ्याकडे वाकले आणि त्यांनी परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या मुलासारखं, अगदी हळू, विचारलं,

"सावंता, तिसरो तक्तो कसो वाटलो?"