आबा शिंपी आणि खालची माणसं

आबा शिंप्याकडे पाय आपटत गेलात, तर तुमची विजार पुढच्या चतुर्थीपर्यंत मिळायची नाही. उंबऱ्यातच तो मोठी कात्री उगारून दबक्या आवाजात ओरडायचा. दबक्या आवाजात ओरडणं फक्त आबालाच जमायचं. "हळू रे, मेल्या! खाली माणसा रवतत!"

आता आबाचं घर म्हणजे मातीच्या भिंती, वर कौलाचे नळे, खाली सारवलेली भुई. भुईच्या खाली आणखी भुई, माणसं राहणार कुठे? तरी मशीनखाली चार गोणपाटं घातलेली. दुपारी जेवणं झाली की मशीन बंद, कारण "खालची आडवी झाली असतली." एकटा जीव, लग्न नाही. हाताने रांधायचा, आणि फोडणीत मिरची जास्त पडली की भुईकडे बघून, घरच्या बाईला विचारावं तसं विचारायचा, "ठसको लागलो काय गो?"

मी नुकताच मॅट्रिक झालेला, बेकार. खाडीकाठच्या आमच्या आळीत माझ्या नकलांना मागणी भारी, आणि त्यात आबा पहिल्या नंबरावर. एकदा त्यालाच विचारलं, "आबानू, खालच्यांकडसून भाडा घेतास काय?"

"मी कसलो घेतंय? आदीपासून तीच आसत. भाडेकरी मी."

त्या दिवशी घरी जाताना मी उगाच हळू चाललो.

साठ सालाच्या आगेमागे आळीत कुणाच्या तरी विहिरीत जुनी खापरं निघाली. खाली जुनं गाव आहे म्हणे. सरकारने आमची आळीच उठवली. सगळ्यांना वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर जागा मिळाल्या. नळे, वासे, दारं बैलगाडीतून गेली. उघड्या चौथऱ्यांवर कावळेसुद्धा बसेनात. एकटा आबा तेवढा हलेना.

मग खोदकामाचे साहेब स्वतः आले. आबाने टोपी नीट केली आणि ठेवणीतलं मराठी काढलं. "साहेब, आमची सगळ्यांची सोय केलीत. त्यांची कुठे केलीत?"

"कुणाची?"

आबाने बोट खाली केलं.

साहेब हसले नाहीत. हळूच म्हणाले, "आजोबा, ते लोक केव्हाच गेले."

"खंय गेली? सकाळीच तर..." आबा म्हणाला, आणि खाली भुईकडे बघू लागला. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून घर सोडलं.

आबाचं घर होतं तिथे खणायला घेतल्यावर आम्ही सगळे बघायला उतरलो. पुरुषभर खोलीवर एक चूल निघाली. चुलीपुढे बसायचा चिरा, बसून बसून मधोमध खळगलेला. मी काठावरून अंदाज घेतला. बरोबर वर आबाची मशीन होती. तिथे बसणारीचं डोकं आबाच्या पायाखाली येणार.

चुलीत राख तशीच होती. खणणाऱ्या गड्याने तिला बोट लावलं आणि झटकन काढून घेतलं.

"गार आसा मां रे?" वरून कुणीतरी विचारलं. त्या दिवशी मला कुणी नक्कल करायला सांगितली नाही.

दोन दिवसांनी मी सड्यावर आबाकडे गेलो. भर सकाळी मशीन बंद. आबा नुसता बसलेला.

"बरा नाय काय, आबानू?"

"बरा आसा. पण हंय खाली निसतो खडक रे. कोण नाय."

मला काय सुचलं कोण जाणे. "माका सांगा, कशी बोलता ती? हुबेहूब आवाज काढतंय. तुमका वाटतला तीच आसा."

आबाने विचार केला. खरंच केला. बाहेर सड्यावरचं वाळलं गवत वाऱ्याने एकसारखं सळसळत होतं.

"बोलता खंय ती?" तो म्हणाला. "बोलतंय मी. ती ऐकता."

मी खडकावर मांडी घातली. "मगे बोला."

आबाने खाली खडकाकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हंयसर माका झोप लागणा नाय गो."